घासलेली कड

एका जुन्या विद्यापीठात एकदा एका शिष्याला आपल्याच आचार्यांचा संशय आला. संशय चोरीचा होता, आणि चोरी सोन्याची.

हे आचार्य त्या विद्यापीठाच्या संग्रहालयाचे संग्रहपाल होते. पूर्वी ते इतिहास शिकवीत. निवृत्तीनंतर संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांच्याकडेच राहिले, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होते. दीक्षान्त समारंभातले जुने झगे, संस्थापकांच्या पगड्या, मानपत्रांच्या चांदीच्या नळ्या असा तिथला ऐवज. त्यात सर्वांत मोलाचा होता तो सुवर्णपदकांचा संग्रह. आपापल्या विषयात पहिल्या आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी उतारवयात आपली पदके परत आणून दिली होती. काहींच्या माघारी मुलानातवंडांनी आणून दिली होती. घरी ठेवून करायचे काय? मोडायला जीव होत नाही आणि सांभाळायचे तर कपाटाचे कुलूप भक्कम नाही. त्यापेक्षा विद्यापीठात राहिले तर निदान नाव तरी कुणी वाचेल, असा विचार लोक करीत.

शिष्य आचार्यांच्या हाताखाली नव्यानेच रुजू झाला होता. हुशार, कष्टाळू आणि मुख्य म्हणजे प्रामाणिक. प्रामाणिक माणसाची एक अडचण असते. आपण स्वच्छ आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते, त्यामुळे दुसऱ्याच्या अंगावरचा डाग त्याला लांबूनच दिसतो. कधीकधी नसलेलाही दिसतो. आचार्यांना हा मुलगा आवडायचा. आपल्यानंतर संग्रहाच्या किल्ल्या याच्याच कमरेला लागतील असे ते उघड म्हणत असत.

त्या वर्षी विद्यापीठाचा मोठा वर्धापन समारंभ होता. सुवर्णपदके प्रथमच कपाटाबाहेर येऊन सभागृहाच्या दर्शनी भागात, काचेच्या पेटीत मांडली जाणार होती. ती पुसून, विषयवार लावून, प्रत्येकाखाली नावाची पट्टी ठेवण्याचे काम आचार्यांनी शिष्याकडे सोपवले. मखमलीचे एकेक तबक ते त्याच्यापुढे ठेवीत आणि शिष्य मऊ कापडाने एकेक पदक पुसून परत जागेवर ठेवी. गणिताचे तबक आले तेव्हा मात्र आचार्यांनी त्यातले एक पदक स्वतःच उचलले.

"हे राहू दे," ते म्हणाले. "हे मी पुसतो."

शिष्याने मान डोलावली. पण बाकीची सगळी पदके आपल्या हाती देणाऱ्या माणसाने एकच का राखून ठेवावे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात अडकून बसला. तुमच्याआमच्या डोक्यातही अडकला असता. फरक इतकाच की आपण दोन दिवसांनी विसरलो असतो आणि शिष्याचा स्वभाव विसरण्याचा नव्हता.

पुढे एका सकाळी आचार्य डोळे तपासून घ्यायला गेले. किल्ल्या शिष्याकडे होत्या. त्याने गणिताचे तबक काढले आणि ते पदक हातात घेतले. दर्शनी बाजूला विद्यापीठाचे चिन्ह होते, मागे कोरले होते: 'कु. सुभद्रा धोंडी परीट. गणित. प्रथम.' पदकात वावगे काहीच नव्हते. मग त्याने ते बोटांत धरून फिरवले आणि पुन्हा एकदा फिरवले.

पदकाची कड एका ठिकाणी गोल नव्हती. तिथे बोट सपाटीवर घसरत होते. उजेडात धरले तर बारीक चरे दिसत होते. कानशीने घासल्याशिवाय असे चरे पडत नाहीत, हे कळायला सोनार असावे लागत नाही. शिष्याने संग्रहालयातला नाजूक तराजू काढला. एका पारड्यात हे पदक ठेवले आणि दुसऱ्यात त्याच ठशाचे, त्याच काळातले दुसरे. सुभद्रा परीट हिचे पारडे वर गेले. त्याने आणखी एक जोडीचे पदक ठेवून पाहिले, मग आणखी एक. दर वेळी तेच पारडे वर.

शिष्याने तराजू आवरून ठेवला. ज्यांना तो रोज वाकून नमस्कार करीत होता, ते हे करीत होते तर. त्याला राग आला आणि रडूही आले, आणि यांतले आधी काय आले हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते.

संशय एकदा मनात शिरला की तो पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहत नाही, घरच्यासारखा सगळ्या खोल्यांतून वावरू लागतो. आता शिष्याला सगळ्याच गोष्टींत अर्थ दिसू लागला. आचार्यांच्या नातीचे लग्न नुकतेच झाले होते. निवृत्त माणसाला एवढे लग्न झेपले कसे? आचार्य संध्याकाळी सर्वांत शेवटी कुलूप लावीत. का बरे? कधी काळी ही निष्ठा वाटत असे. आचार्यांनी हसून "काय रे, आज गप्प?" असे विचारले, तर याला वाटे, चाचपून पाहताहेत. ते काही न बोलता निघून गेले, तर वाटे, बिनसले वाटते, कळले वाटते. बिचाऱ्या आचार्यांनी करावे तरी काय? ते शिंकले असते तरी शिष्याने त्यातून काहीतरी काढले असते.

आणि मग एक दिवस पुरावाच हाती लागला. आचार्यांच्या मेजाचा खालचा खण नेहमी बंद असे. त्या दिवशी ते घाईत तो उघडा ठेवून गेले. आत एका फडक्यात दोन वस्तू गुंडाळलेल्या होत्या, एक बारीक दातांची कानस आणि एक काळाभोर गुळगुळीत कसोटीचा दगड. सोने ज्यावर घासून पारखतात, तो.

शिष्य तडक कुलगुरूंकडे गेला.

कुलगुरू सावध गृहस्थ होते. त्यांनी दार लावून घेतले आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले. "तुझं म्हणणं काय? सोनं घासून नेलं, की पदकच बदललं?"

"ते मला सांगता येणार नाही," शिष्य म्हणाला. "कदाचित थोडं थोडं घासून नेत असतील. कदाचित खरं कधीच गेलं असेल आणि हे मुलामा दिलेलं असेल. वजन कमी आहे हे मात्र नक्की."

"आचार्य असं करतील?"

"मलाही तसं वाटलं नव्हतं."

कुलगुरूंनी कपाळ चोळले. समारंभ तोंडावर आला होता. "गवगवा नको," ते म्हणाले. "आपल्या विश्वासातले एक सराफ आहेत. उद्या सकाळी ते येतील. आचार्यांच्या समोरच पारख होऊ दे. सोनं खरं निघालं तर प्रश्न मिटला. नाही निघालं, तर मग मला माझं कर्तव्य करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौघे संग्रहालयाच्या मोठ्या मेजाभोवती बसले: कुलगुरू, सराफ, आचार्य आणि शिष्य. शिष्याला आचार्यांकडे पाहवत नव्हते. कुलगुरूंनी शक्य तितक्या सौम्य शब्दांत येण्याचे कारण सांगितले. सांगताना त्यांनी शिष्याचे नाव घेतले नाही, पण घेण्याची गरजही नव्हती. आचार्यांनी एकदा शिष्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि नेमके तेच शिष्याला खुपले. चोर असा शांत कसा राहतो, असे त्याला वाटले.

आचार्य उठले. त्यांनी स्वतःच गणिताचे तबक आणून ठेवले, आपल्या खणातून कानस आणि दगड काढून त्याच्याशेजारी ठेवला, आणि सुभद्रा परीट हिचे पदक सराफांच्या हाती दिले.

सराफ वयस्क होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि पदक सावकाश फिरवले. "कड घासलेली आहे, हे खरं," ते म्हणाले. "घासलंय तिथंही आतून रंग पिवळाच दिसतोय. मुलामा असता तर तांबं उघडं पडलं असतं."

"म्हणजे खरं आहे?" कुलगुरूंनी उत्सुकतेने विचारले.

"तसं अगदी छातीठोक नाही सांगता यायचं, साहेब. घासल्यावर वरून परत मुलामा चढवला असला, तर भिंगातून कळत नाही. कडेला एकदा जरा खोल कानस मारायची, आतलं दगडावर ओढायचं, की लगेच सांगतो. किती वेळ लागतोय त्याला."

"मारा," कुलगुरू म्हणाले.

"थांबा," आचार्य म्हणाले. "पारख होत असेल तर माझी एक विनंती आहे. तबकातल्या प्रत्येक पदकाला कानस लावा. आधी हे घ्या." त्यांनी तबकाच्या मध्यावरचे पदक पुढे केले. ते विद्यापीठाच्या संस्थापकांच्या मुलाचे होते. झळझळीत, कड वर्तुळासारखी नितळ.

कुलगुरू दचकले. "याला? अहो आचार्य, त्या घराण्यातली मंडळी समारंभाला येणार आहेत. पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्या पदकाला कानस मारायची? त्याचं कारणच काय?"

"कारण ते खरं आहे की नाही, हे मला ठाऊक नाही."

"अहो, ते खोटं कसं असेल?"

आचार्यांनी ते पदक परत जागेवर ठेवले. मग हात पुढे करून सराफांच्या बोटांतून सुभद्रा परीट हिचे पदक अलगद काढून घेतले, तबकात ठेवले आणि त्यावर आपला तळवा पालथा घातला.

"मग यालाही नको," ते म्हणाले.

शिष्याच्या मनात आले: सापडले! ज्याचे मन साफ असते तो पारखीला भितो कशाला? उलट, करा म्हणतो. इतका वेळ कुठेतरी आत त्याला आशा होती की आपलेच चुकत असेल. ती आता संपली.

कुलगुरूंचा स्वर बदलला. "आचार्य, तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ काय होतो? पारख होऊ दिली तर तुमच्यावरचा आळ आत्ता इथेच धुऊन निघेल. नाही होऊ दिली, तर मला तुमच्याकडून किल्ल्या काढून घ्याव्या लागतील. लोक कारण विचारतील, आणि मी काही सांगितलं नाही तरी त्यांना कळेल."

"कळू दे," आचार्य म्हणाले.

"इतक्या वर्षांचं नाव घालवाल?"

"नाव माझं आहे. पदक माझं नाही."

मग शिष्याच्याने राहवले नाही. त्याचा आवाज त्याला न विचारता बाहेर आला. "मग ही कड कुणी घासली, आचार्य? आणि ही कानस तुमच्या खणात काय करत होती?"

आचार्यांनी तळवा उचलला. "ये इकडे," ते म्हणाले. "हे घे. उजेडात धर आणि नीट बघ. सपाट जागा एक आहे का?"

शिष्याने खिडकीपाशी जाऊन पाहिले. त्या दिवशी घाईत त्याला एकच सपाटी दिसली होती. आता दिसले की ती एक नव्हतीच. एकाशेजारी एक, एकमेकींवर किंचित चढलेल्या, वेगवेगळ्या बाजूंना कललेल्या कितीतरी सपाट्या होत्या. काहींची धार झिजून मऊ झाली होती, इतक्या त्या जुन्या होत्या. शिष्याच्या वयापेक्षाही जुन्या असाव्यात.

"सुभद्राचे वडील याच विद्यापीठात पट्टेवाले होते," आचार्य सांगू लागले. "परीक्षा विभागात. मुलगी गणितात पहिली आली आणि कुजबुज सुरू झाली. पट्टेवाल्याची पोर पहिली येते म्हणजे कागद घरी गेला असणार. चौकशी झाली. त्यात काही निघालं नाही. तरी धोंडीला तिथून काढून पाणी भरायच्या कामावर घातलं. पदक दिलं, पण ती व्यासपीठावर चढली तेव्हा टाळ्या अर्ध्यातच थांबल्या, असं म्हणतात. पुढे तिने जन्मभर एका तालुक्याच्या गावी मुलींना गणित शिकवलं. म्हातारपणी ती हे पदक घेऊन इथं आली. तेव्हाच्या संग्रहपालांनी काय करावं? तिला समोर बसवलं आणि सराफाला बोलावलं. तिच्या देखत कडेला कानस मारली. सोनं चोख निघालं. सराफ म्हणाला, बाई, खरं आहे. ती म्हणाली, मला ठाऊक होतं. आणि ती गेली."

सराफांनी डोळ्याचे भिंग काढून ठेवले होते.

"इतरांची पदकं आली, ती हार घालून घेतली," आचार्य म्हणाले. "घासलं ते हिचं एकटीचं. पुढचे संग्रहपाल आले, त्यांना कडेला खूण दिसली. त्यांना वाटलं, कुणीतरी सोनं चोरलं. त्यांनी वजन केलं, ते कमी भरलं, म्हणून त्यांनी पुन्हा कानस मारली. सोनं चोखच होतं. पण खूण वाढली आणि वजन आणखी घटलं. त्याच्या पुढच्याला ती जास्तच ठळक दिसली. प्रत्येकाने घासलं, आणि प्रत्येकाला वाटलं की आपण पहिलेच. सराफ, तुम्ही म्हणालात ना आत्ता, घासल्यावर वरून मुलामा चढवला असेल? प्रत्येक जण अगदी हेच म्हणाला. म्हणून मागच्याची पारख पुढच्याला कधी पुरली नाही. हे सगळं मला इथल्या जुन्या पट्टेवाल्यांनी सांगितलं. माझ्या हाती किल्ल्या आल्या तेव्हा हा दगड आणि ही कानस या कपाटातच असायची, पदकांच्या शेजारी. ती मी काढून माझ्या खणात कुलपात ठेवली. दुसरं मला काही सुचलं नाही."

मग ते शिष्याकडे वळले. "बाळा, संशय घेऊ नये असं मी म्हणत नाही. संग्रहपालाला संशय घ्यावाच लागतो. पण एकदा बघावं, आपली कानस दर वेळी त्याच एका कडेवर का पडते. मी स्वतः सुटावं म्हणून हिला पुन्हा एकदा घासायचं, हे माझ्याच्याने होणार नाही."

कुलगुरूंनी घसा खाकरला. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण हे सगळे ऐकूनही त्यांच्यापुढे प्रश्न होता तसाच होता, आणि प्रश्न आपल्या अंगावर आला की तो दुसऱ्याकडे सरकवायचा ही विद्या त्यांना पदाबरोबर मिळाली होती. "संशय याने घेतला आहे," ते शिष्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आचार्यांची कथा खरी असेल, नसेलही. आता याचं समाधान झालं असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल, तर कानस मारू. सांग रे, काय करायचं?"

मेजावर कानस पडलेली होती. शिष्याच्या हातात पदक होते.

खरे सांगायचे तर शिष्याचे पूर्ण समाधान झाले नव्हते. कथा सुरेख होती, पण सुरेख कथा सांगता येणे हा काही निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. आचार्य उत्तम बोलतात हे सगळ्या विद्यापीठाला ठाऊक होते. एकदाच घासले की खात्री होईल, एकदाच, असे त्याच्या मनात आले. त्याचा हात कानशीकडे गेलासुद्धा. आणि पदकाच्या त्या सपाट जागेवर अंगठा टेकलेला असताना त्याला आपल्या गावची शाळा आठवली.

तो जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पहिला आला होता. त्याच्या घरातले कुणी त्याआधी चौथीच्या पुढे गेले नव्हते. निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्याला खोलीत बोलावले, दार लावले, आणि तीच प्रश्नपत्रिका पुन्हा पुढे ठेवली. सोडव म्हणाले. त्याने सगळी सोडवली. मुख्याध्यापकांनी ती तपासली आणि म्हणाले, ठीक आहे, जा. तो बाहेर आला. सरपंचाच्या मुलाला त्याच परीक्षेत बरे गुण मिळाले म्हणून पेढे वाटणे चालले होते. त्यातला एक पेढा यालाही मिळाला. घरी गेल्यावर आईने विचारले, काय म्हणाले रे गुरुजी? तो म्हणाला, शाबास म्हणाले. हे त्याने कुणालाही कधी सांगितले नव्हते. बरोबर उत्तरे लिहूनसुद्धा त्या दिवशी त्याला काहीतरी चोरल्यासारखे वाटले होते, आणि ते वाटणे पुढे कधी पूर्ण गेले नाही. विद्यापीठात त्याला जितक्या वेळा कुणी "हे तूच लिहिलंस का?" असे विचारले, तितक्या वेळा ते पुन्हा वर आले होते.

हिच्या कडेवर आपणही हात टाकत होतो. सरपंचाच्या मुलाचे पदक असते तर आपण ते फिरवून पाहिले असते का? तराजू काढला असता का? त्याने कानशीवरचा हात मागे घेतला.

"मी संशय मागे घेतो," तो म्हणाला.

"समाधान झालं?" कुलगुरूंनी विचारले.

"नाही."

"मग पुराव्याशिवाय मागे घेतोस?"

"हो," शिष्य म्हणाला. "घेतला तेव्हा तरी माझ्याकडे कुठे होता? वजन कमी भरलं, एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं सगळं मीच जमवलं."

सराफांनी आपली पिशवी आवरली. "माझं काम नाही म्हणा," ते उठता उठता म्हणाले, "पण चाळीस वर्षं या धंद्यात आहे. खोटं सोनं माझ्याकडे फारसं पारखायला येत नाही. ते कुणीतरी कुणाच्या तरी शब्दावर घेऊन टाकलेलं असतं. घासायला येतं ते बहुतेक गरिबाचं खरं सोनं."

कुलगुरूंनी किल्ल्या आचार्यांकडेच ठेवल्या. ते आणि सराफ गेल्यावर संग्रहालयात दोघेच उरले. शिष्याला क्षमा मागायची होती. आचार्यांनी त्याची सुटका केली. "कुलगुरूंकडे जाण्याआधी मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडे दुःख होते, आणि त्यांनी ते लपवले नाही. "मला वाईट वाटलं. पण तू तराजू काढलास हेही मी विसरणार नाही. काहीच न बघता किल्ल्या सांभाळणारा माणूस मला नको होता."

"मी अजून राहू का इथे?"

"तबकं पुसायची राहिलीत की," आचार्य म्हणाले. "आणि हे तूच पूस आता."

समारंभाच्या दिवशी काचेची पेटी सभागृहात लागली. लोक रांगेने येऊन पाहत होते. शिष्य शेजारी उभा राहून माहिती सांगत होता. संस्थापकांच्या घराण्यातले एक गृहस्थ आपल्या मंडळींना घेऊन आले. आपल्या पूर्वजांचे पदक त्यांनी कौतुकाने दाखवले, बाकीच्यांवरून नजर फिरवली आणि एका पदकापाशी येऊन थांबले. पट्टीवरचे नाव त्यांनी वाचले, मग वाकून कडेकडे पाहिले.

"हे खरंच सोन्याचं आहे का हो?" त्यांनी सहज विचारले.

"हो," शिष्य म्हणाला.

"तपासून घेतलंय ना नीट?"

"या पेटीत याच्याइतकं दुसरं काहीच तपासलेलं नाही," शिष्य म्हणाला.

गृहस्थांचे समाधान झाले. ते पुढे गेले. आपल्या ओळखीत अशी घासलेली कड कुणाची आहे, आणि तिच्यावरची अगदी अलीकडची खूण कुणाच्या हातची, हे ज्याचे त्याने पाहावे.